टोइंगची गाडी: दुरुस्त करत बसू की काढून टाकू?

शिरवळकर_७४ | ६ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती विभागात नुसता वाचत असतो, पण आज डोकं चालेना म्हणून धागा काढतोय.

माझी अंडरलिफ्टची टोइंग गाडी आहे, म्हणजे मागच्या दांड्याने बंद गाडीची चाकं खालून उचलून ओढणारी. मे २०१८ची नोंदणी, बीएस-४, चार सिलिंडर, कॉमन रेल, २,३१,००० किलोमीटर. कंपनीचं नाव लिहीत नाही. लिहिलं की पहिले दहा प्रतिसाद "ही घ्यायलाच नको होती" असे येणार. गाडी शिरवळला उभी असते. खंबाटकी घाटात बंद पडलेल्या गाड्या काढायच्या, विमावाल्यांचे आणि गॅरेजवाल्यांचे कॉल घ्यायचे. महिन्याला वीस-बावीस कॉल होतात, त्यावर घर चालतं.

गेल्या चौदा महिन्यांत घातलेला पैसा: चार इंजेक्टर ७८,०००, टर्बो रिकंडिशन ३२,०००, रेल प्रेशर सेन्सर मजुरीसकट १४,५००, क्लच सेट २१,०००, स्कॅनिंग आणि किरकोळ १६,५००. एकूण १,६२,०००. आणि त्रास जिथल्या तिथे.

त्रास असा. सकाळी सेल्फ खूप वेळ मारावा लागतो. घाटात मागे गाडी लटकलेली असली की मध्येच चेक लाइट लागतो, पिकअप जातो, मग दुसऱ्या गिअरवर रडत चढते. बंद करून पाच मिनिटांनी चालू केली की कधी बरी, कधी नाही. सपाटीला काही नाटक नाही. स्कॅनरवर दर वेळी पी-००८७ हा कोड, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, रेलमध्ये, प्रेशर कमी.

डिसेंबरात कळस झाला. पुण्याहून कोल्हापूरला निघालेल्या एका जोडप्याची कार घाटात उचलली. बाळाला घेऊन दोघं माझ्या केबिनमध्ये. घाटाचा रस्ता एकेरी, मागे फिरता येत नाही, वर चढून वेळ्याच्या बाजूला उतरायचं आणि बोगद्यातून परत यायचं. शेवटच्या वळणाआधी गाडीने मान टाकली. रात्री पावणेबारा. शेवटी सुरूरच्या माणसाची क्रेन बोलवावी लागली. त्याने आधी फोटो काढला, आमच्या लाइनच्या ग्रुपवर टाकला आणि मग हुक लावला.

आता मिस्त्री म्हणतो, हाय प्रेशर पंप बदलू, ६८,०००. खात्री देतोस का विचारलं तर म्हणतो, "डिझेलच्या गाडीची खात्री कुणी देतं का?" नवी गाडी फॅब्रिकेशन धरून १९ लाखांना पडते. ४ लाख भरून १५ लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी, म्हणजे हप्ता ३२,२४०. झोप लागत नाही. काय करावं?

टवाळ_पोर | ६ जानेवारी, रात्री १०:५२

टोइंगवाल्याला टोइंग! हसून हसून पुरेवाट. सॉरी काका, पण तो फोटो इथे पण टाका की.

गणपत_रोडलाइन्स | ६ जानेवारी, रात्री ११:१५

काढून टाका. माझ्या सहा गाड्या आहेत, अनुभवाने सांगतो. एकदा इंजेक्टर, टर्बो, सेन्सर असं ओळीने सुरू झालं की ती गाडी नाही, ते गॅरेजवाल्याच्या पोरीचं लग्न. दीड लाख गेले ना? पंप टाकाल, मग म्हणेल वायरिंग, मग म्हणेल ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. हप्त्याची भीती वाटते, पण हप्ता एका तारखेला येतो. मिस्त्री कुठल्याही तारखेला येतो.

आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. घ्यायची तर हीच वेळ.

खातेवही | ७ जानेवारी, सकाळी ७:३०

शिरवळकर, मी पुण्यात तीन-चार ट्रान्सपोर्टवाल्यांचे हिशेब बघते, म्हणून थोडं विचारते.

चौदा महिन्यांत १,६२,००० म्हणजे महिन्याला साधारण साडेअकरा हजार. हप्ता ३२,२४०. म्हणजे नुसत्या आकड्यावर जुनी गाडी अजूनही स्वस्त आहे. पण तुम्ही दोन गोष्टी लिहिल्या नाहीत. गाडी किती दिवस गॅरेजात उभी होती, आणि त्या दिवसांत किती कॉल दुसऱ्याकडे गेले? दिवसाला चार हजार धरा आणि गुणून बघा. धंद्याच्या गाडीचं खरं बिल तिथे असतं, गॅरेजच्या कागदावर नसतं.

दुसरं, मे महिन्यात गाडीला आठ वर्षं होतील. तिथून आरटीओची फिटनेस तपासणी दोन वर्षांऐवजी दर वर्षी, शिवाय पर्यावरण कर. हे काही फार मोठं नाही, पण कागदावर घ्या.

गणपतराव, जीएसटी कमी झाल्याने नवी गाडी स्वस्त झाली हे बरोबर, पण तेवढ्याने जुनीचा भावही खाली येतो. यांना विकायचीही आहे ना. आणि "घसारा मिळेल म्हणून नवी घ्या" असं कुणी सांगत असेल तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. दहा रुपये कर वाचवायला कुणी तीस खर्च करत नाही.

शिरवळकर_७४ | ७ जानेवारी, सकाळी ८:०५

ताई, डायरी काढली. चार महिन्यांत ११ दिवस उभी. तुमच्या हिशेबाने ४४,०००. हे बायकोला दाखवलं नाही.

भाषाभगिनी | ७ जानेवारी, सकाळी ९:१०

अवांतर, पण राहवत नाही. टोइंग व्हॅनला मराठी शब्द काय? ओढगाडी कसा वाटतो?

टवाळ_पोर | ७ जानेवारी, सकाळी ९:१४

ओढगाडी म्हणजे जिला ओढावं लागतं ती. शिरवळकर काकांची ऑलरेडी ओढगाडीच आहे.

माणदेशी_माणूस | ७ जानेवारी, सकाळी ९:४०

आमच्याकडं सरळ क्रेन म्हणत्यात. उचलणारी असू द्या नायतर वडणारी. "क्रेन बोलवा" म्हटलं की माणूस येतोय. "ओढगाडी बोलवा" म्हटलं तर बैलगाडी येईल.

भाषाभगिनी | ७ जानेवारी, सकाळी ९:५५

बैलगाडी आली तर निदान घाट चढेल. :)

अल्बर्टातला_अण्णा | ७ जानेवारी, सकाळी ११:२०

इथे रात्रीचे पावणेअकरा आहेत आणि बाहेर उणे २६, म्हणून निवांत लिहितो.

मी मूळचा इचलकरंजीचा, आता कॅलगरीत. माझ्याकडे एक टनाचा डिझेल पिकअप होता, मागे फिफ्थ व्हील, म्हणजे चाकांवरचं घर. उन्हाळ्यात कुटुंबाला घेऊन रॉकीजमध्ये हिंडायचं, हा एकच छंद. गाडी हळूहळू कूलंट प्यायला लागली. आधी ऑइल कूलर, मग ईजीआर कूलर, शेवटी हेड गॅस्केट. त्या मॉडेलात गॅस्केटचं काम नीट करायचं तर आख्खी केबिन चासीवरून उचलतात. मजुरी तासाला दीडशे डॉलरच्या वर. कोटेशन बघून मी खुर्चीत बसलो. विकली.

पण माझं उदाहरण तुम्हाला लागू करू नका, हेच सांगायला लिहितोय. इथे पार्ट परवडतो, हात परवडत नाही. तिकडे हात परवडतो, पार्ट महाग. म्हणून इथे लोक गाडी टाकतात आणि तिकडे माणूस इंजिन खोलून बसतो. दोघंही आपापल्या जागी शहाणे. फक्त तिकडे हात स्वस्त असल्यामुळे मिस्त्री निदान करण्यात वेळ घालवत नाही, पार्ट बदलून बघतो. तुमचे इंजेक्टर गेले होते याचा पुरावा कुणी दाखवला का? टेस्ट बेंचचा रिपोर्ट?

जाता जाता, मिसळ कुठे चांगली मिळते शिरवळला? मार्चमध्ये येतोय.

शिरवळकर_७४ | ७ जानेवारी, दुपारी १२:१०

रिपोर्ट नाही. जुने इंजेक्टर दाखवले, म्हणाला "बघा काळे पडलेत." काळे तर होतेच. मिसळ आल्यावर सांगतो, आधी गाडी.

कुंभार्लीचा_राजा | ७ जानेवारी, दुपारी २:३५

चिपळूणहून. माझी बीएस-६ टोइंग गाडी आहे, २०२२ची. कुंभार्ली आणि परशुराम दोन्ही घाट माझे. नवी घेण्याआधी हे ऐका.

टोइंगची गाडी पळते कमी आणि उभी राहून चालू जास्त असते. पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद विंचला देणारा जोड, लावला, इंजिन चालू, विंच ओढतोय, पट्टे बांधतोय, वीस मिनिटं गेली. बीएस-६ मध्ये सायलेन्सरच्या लाइनला डीपीएफ असतो. तो काजळी धरतो आणि ती जाळायला गाडी हायवेला गरम पळवावी लागते. आपली पळते कुठे? पहिल्या वर्षी तीन वेळा डीपीएफचा दिवा लागला. आता दर रविवारी रिकामी गाडी घेऊन सावर्ड्यापर्यंत तिसऱ्या-चौथ्यावर ताणून आणतो. बायको म्हणते, कुत्रं फिरवायला नेल्यासारखं गाडी फिरवता.

गाडी वाईट नाही. ओढायला जुनीपेक्षा सरस आहे. पण नवी म्हणजे त्रास संपला असं नाही, त्रासाचं नाव बदलतं.

टवाळ_पोर | ७ जानेवारी, दुपारी ३:००

माझ्या मामाच्या जीपला घाटात असंच व्हायचं. मामा म्हणायचा, टाकी फुल्ल कर, जीप खूश होते आणि चढते. काका, पाच हजारांचं डिझेल टाका, ६८ हजार वाचतील. माझी फी एक मिसळ.

गणपत_रोडलाइन्स | ७ जानेवारी, दुपारी ३:२०

इथे माणसाच्या पोटाचा प्रश्न आहे आणि पोरांना मस्करी सुचते.

दापोडी_फिटर | ७ जानेवारी, रात्री ९:०५

धागा सकाळीच वाचला होता. टवाळ पोराने दुपारी जे लिहिलं ते वाचून लिहायला बसलो. मी एसटीच्या दापोडी वर्कशॉपला ३१ वर्षं होतो. त्यातली अर्धी इंजिन सेक्शनला.

शिरवळकर, आधी एक सांगा. गाडी जेव्हा जेव्हा घाटात बसली तेव्हा टाकीत डिझेल किती होतं?

कारण सांगतो. पी-००८७ हा कोड पंप गेला असं म्हणत नाही. रेलमध्ये हवं तेवढं प्रेशर नाही, एवढंच म्हणतो. प्रेशर कुठे कमी पडलं ते शोधायचं काम माणसाचं. पंप खराब असेल, इंजेक्टर जास्त डिझेल टाकीकडे परत सोडत असतील, किंवा पंपापर्यंत डिझेलच पोचत नसेल. पहिल्या दोन्हीला पैसा लागतो म्हणून मिस्त्री तिथून सुरुवात करतो. तिसऱ्याला पाच फूट पारदर्शक नळी लागते.

टाकीत एक उभा पाइप असतो, त्यातून डिझेल वर ओढलं जातं. शहाळ्यातली नळी मध्येच चिरली तर काय होतं? पाणी चिरेच्या वर असेपर्यंत कळत नाही. खाली गेलं की तोंडात हवा. तसंच. घाटात गाडीचं नाक वर होतं, टाकीतलं डिझेल मागे सरकतं, पाइपपाशी पातळी अजून उतरते. त्यात मागे वजन, म्हणजे इंजिनाला डिझेल जास्त हवं. सपाटीला थोडी हवा चालून जाते, घाटात नाही. आणि रात्रभर उभ्या गाडीत लाइनमधलं डिझेल टाकीत परत उतरतं, म्हणून सकाळी सेल्फ लांबतो. तुमची दोन्ही लक्षणं एकाच घरातली दिसतात.

खात्रीने म्हणत नाही. फिल्टरच्या हौसिंगची ओ-रिंग असेल, हँड पंप हवा घेत असेल, बँजो बोल्टचं वायसर असेल. पण सगळं पंपाच्या अलीकडचं. आधी ते बघा.

अल्बर्टातला_अण्णा | ७ जानेवारी, रात्री ९:३०

हे वाचायला मिळावं म्हणून तर इथे येतो. वाचनखूण साठवली.

शिरवळकर_७४ | ७ जानेवारी, रात्री ११:५०

काका, टाकीत किती होतं ते आठवेना. मग मोबाइलवर पंपावरचे सगळे पेमेंट काढले आणि कॉलच्या डायरीशेजारी ठेवले.

सप्टेंबरपासून गाडी घाटात पाच वेळा बसली. पाचपैकी चार वेळा त्याच दिवशी, गाडी खाली आल्यावर, मी हजार-दीड हजाराचं डिझेल टाकलंय. म्हणजे टाकी तळाला होती. पाचव्या वेळी आदल्याच दिवशी फुल्ल केली होती, पण तेव्हा क्लच जळाला होता, हा त्रास नव्हताच. मी तो उगाच यात धरत होतो.

आणि डिसेंबरची ती रात्र: रात्री १२:५८ला बाराशे रुपये, हायवेचा पंप. माझे हात थंड पडले हो.

टवाळ_पोर | ८ जानेवारी, रात्री १२:०२

मामा!!!

दापोडी_फिटर | ८ जानेवारी, सकाळी ६:१५

घाई नको. फिल्टरकडून पंपाकडे जाणारा पाइप काढून तिथे पारदर्शक नळी लावा, डिझेलला चालेल अशी घ्या, पाण्याची नको. टाकी चतुर्थांशच्या खाली असताना एखाद्या चढावर नाक वर करून उभी करा, इंजिन चालू, अॅक्सिलरेटर वर-खाली करा आणि नळीत बुडबुडे बघा. दिसले तर मागे मागे जात नळी एकेका सांध्यावर लावत या. टाकीच्या तोंडाशीही बुडबुडे असतील तर टाकी उतरवा.

मिस्त्रीसमोर करा, पण त्याचा अपमान करू नका. पुढे त्याच्याशीच गाठ आहे.

गणपत_रोडलाइन्स | ८ जानेवारी, सकाळी ९:४५

फिटर काका, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे. पण एसटीची गोष्ट वेगळी. तिथे स्टोअरमधून पार्ट येतो, पगार चालू असतो, एक बस उभी राहिली तर दुसरी सुटते. या माणसाकडे एकच गाडी. नळीत बुडबुडे बघत बसायला आम्हाला वेळ नसतो, म्हणून आम्ही बदलतो.

दापोडी_फिटर | ८ जानेवारी, सकाळी १०:३०

गणपतराव, एसटीत दुसरी बस सुटते हे तुम्ही आगारात पहाटे उभं राहून बघितलेलं दिसत नाही. :) पण मुद्दा मान्य, एकच गाडी असणाऱ्याचं गणित वेगळं. म्हणूनच त्याने ६८,००० अंदाजावर टाकू नयेत. आमच्याकडे इंजिन बसचं नसायचंच. एका बसचं खोललेलं इंजिन तयार होऊन दुसऱ्या बसला जायचं. चासी चांगली असली तर जुनं शरीर उतरवून नवं बसवायचे, हल्ली माइल्ड स्टीलचं. गाडी म्हणजे एक वस्तू नाही, चार-पाच वस्तू एकत्र चालतात. त्यातली कुठली मेली ते आधी ठरवायचं.

शिरवळकर_७४ | १० जानेवारी, संध्याकाळी ७:२०

बुडबुडे. सोडा वॉटरसारखे.

खंडाळ्याच्या रस्त्याला चढावर गाडी लावली. मिस्त्री सुरुवातीला तोंड वाकडं करून उभा होता. नळीत आधी एक, मग दोन, मग अॅक्सिलरेटर दाबला तशी माळच लागली. तो खाली वाकून बघतच राहिला. म्हणाला, "च्यायला." तेवढंच. टाकीच्या तोंडाशी नळी लावली तरी तेच. फिल्टरपर्यंतची लाइन निर्दोष. टाकी उतरवली, उभ्या पाइपचं युनिट बाहेर काढलं. तळापासून वीतभर वर, जिथे क्लिप धरते तिथे, पाइपला गंजून टाचणीच्या डोक्याएवढं भोक. अंगठा लावून तोंडाने फुंकलं तर ओठांना कळत होतं.

जुन्या बाजारातून युनिट ९००, ओ-रिंग, दोन वायसर, डिझेल फिल्टर, सगळं मिळून २,१५०. मजुरी मिस्त्रीने घेतली नाही. मीही आग्रह केला नाही.

काल खंबाटकी चढलो, मागे एक एसयूव्ही, टाकीचा काटा तळाला मुद्दाम ठेवून. गाडी गेली. काका, तुमचे पाय धरावेसे वाटतात.

पण एक घोळ झालाय. टाकी उतरवल्यावर चासीची आतली बाजू पहिल्यांदा दिसली. अंडरलिफ्टची सबफ्रेम, म्हणजे तिला चासीवर धरणारी चौकट, जिथे वेल्ड केलीय, त्या टाक्याच्या टोकापासून चासीच्या खालच्या पट्टीला चीर आहे. चार-साडेचार सेंटीमीटर. आत लाल गंजाची रेघ, म्हणजे आजची नाही. मिस्त्री म्हणतो वेल्डिंग मारून देतो, वर एक प्लेट, दीड हजारात काम.

कुंभार्लीचा_राजा | १० जानेवारी, संध्याकाळी ७:४०

वेल्डिंग मारू नका. आधी सांगा, कांद्याच्या पिकअप उचलता का लोडसकट?

शिरवळकर_७४ | १० जानेवारी, संध्याकाळी ७:४५

...उचलतो. लोणंदच्या बाजाराच्या दिवशी.

तरफ_आणि_टेकू | १० जानेवारी, रात्री ८:३०

शाळेत विज्ञान शिकवतो, गाडीतलं काही कळत नाही, पण हे कळतं. समजा तुमचा व्हीलबेस ३.४ मीटर आहे आणि अंडरलिफ्टचं टोक मागच्या अॅक्सलपासून १.७ मीटर मागे. तिथे १,००० किलो उचललं, तर मागचा अॅक्सल टेकू होतो आणि पुढच्या अॅक्सलवरचं ५०० किलो वजन नाहीसं होतं. मागच्या अॅक्सलवर १,००० नाही, १,५०० येतं. घाटात नाक वर असताना आणि खड्ड्यात आपटताना त्याहून जास्त. चासी बिचारी मधल्या मध्ये वाकते. लोडसकट कांद्याच्या पिकअपचा हिशेब तुम्हीच करा.

स्टीअरिंग हलकं लागत होतं का घाटात?

शिरवळकर_७४ | १० जानेवारी, रात्री ८:४१

हो. मला वाटायचं पॉवर स्टीअरिंग चांगलं आहे.

माणदेशी_माणूस | १० जानेवारी, रात्री ८:५०

आगागा.

दापोडी_फिटर | १० जानेवारी, रात्री ९:२५

गुरुजींनी बरोबर सांगितलं. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू नये आणि वेल्डिंग करू नये, हे बॉडी बांधणाऱ्याला पहिल्या दिवशी शिकवतात. सबफ्रेम बोल्टने, उभ्या बाजूला धरायची असते. फॅब्रिकेटरने सोपं पडतं म्हणून टाका मारला, तिथला पोलाद ठिसूळ झाला, चीर तिथूनच निघाली. त्याच जागी पुन्हा वेल्डिंग म्हणजे त्याच जखमेवर तीच सुरी.

माल वाहणाऱ्या गाडीला आतून लांब फिश प्लेट, म्हणजे आधाराची लोखंडी पट्टी, बोल्टने बसवून, चीर पुढे सरकू नये म्हणून टोकाला भोक पाडून काम चालतं. ताकद वाटली जाते. पण तुम्ही मागे टांगता. त्यावर मी माझ्या मुलाला बसवणार नाही. इंजिन चांगलं निघालं आणि चासी गेली, असं क्वचित होतं, पण झालंय.

गणपत_रोडलाइन्स | १० जानेवारी, रात्री ९:५०

मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं काढून टाका.

खातेवही | १० जानेवारी, रात्री १०:०५

गणपतराव, तुम्ही इंजिनसाठी सांगितलं होतं. :)

शिरवळकर, अंडरलिफ्ट, पंप, विंच हे सगळं ठीक आहे ना? मग तो काही लाखांचा माल तुमच्याकडे आहेच. वापरलेली, नुसत्या साध्या बॉडीची चांगली गाडी घ्या आणि अंडरलिफ्ट तिच्यावर हलवा. अशा बदलाला आरटीओची परवानगी लागते, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. ती घेतल्याशिवाय हात लावू नका, नाहीतर अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथे ठेवेल. जुनी नोंदणीकृत भंगार केंद्रात दिली तर सर्टिफिकेट मिळतं आणि नव्या गाडीच्या करात व्यावसायिक वाहनाला १५ टक्क्यांपर्यंत सवलत असते. पण तुम्ही नवी घेतच नसाल तर त्याचा फार उपयोग नाही, बाजारात विकून बघा.

भाषाभगिनी | ११ जानेवारी, सकाळी ८:१०

"तरफ" आणि "टेकू" हे शब्द कित्येक वर्षांनी वाचले. गुरुजी, धन्यवाद.

शिरवळकर_७४ | १९ फेब्रुवारी, रात्री १०:१५

धागा वर काढतोय, सांगायचं राहिलं होतं.

फलटणच्या एका भाजीवाल्याची २०१९ची बीएस-४ मिळाली, साध्या बॉडीची, ६,४०,०००. चासी टॉर्च घेऊन, पाठीवर झोपून, इंच इंच बघितली. तो म्हणाला, गाडी बघताय की सोयरीक? अंडरलिफ्ट हलवायला, नवी सबफ्रेम बोल्टवाली, रंग, आरटीओचं सगळं धरून ८५,०००. फॅब्रिकेटरला मी टाका मारू दिला नाही. दिवसभर स्टूल टाकून बसलो होतो.

जुनीला दलाल ३,६०,००० म्हणत होता. हिने विचारलं, चीर दाखवली का त्याला? नव्हती दाखवली. दुसऱ्या दिवशी दाखवली, २,८५,०००ला आला. फिश प्लेट मारून भाजी वाहायला घेतोय, मागे काही टांगणार नाही म्हणाला. ताई, तुमच्यासाठी हिशेब: ४,४०,००० खिशातून. नव्या गाडीचं नुसतं डाउन पेमेंट चार लाख होतं.

लोणंदच्या कांद्यावाल्यांना सांगितलं, आधी माल उतरवा, मग गाडी उचलतो. दोघं सुरूरवाल्याकडे गेले. जाऊ द्या.

२,१५०ची दुरुस्ती करून गाडी विकली म्हणून मिस्त्री अजून हसतो. पण ती टाकी उतरवली नसती तर चीर मला दिसली नसती, आणि ६८,०००चा पंप टाकून मी कांदे उचलत राहिलो असतो.

टवाळ_पोर | १९ फेब्रुवारी, रात्री १०:२०

अभिनंदन काका! फीचं काय?

शिरवळकर_७४ | १९ फेब्रुवारी, रात्री १०:२६

ये रविवारी. मामाला पण आण.

अल्बर्टातला_अण्णा | २० फेब्रुवारी, सकाळी ९:००

मी १४ मार्चला पोचतोय, तोवर थांबा!

बारामतीचा_बाळू | ३ मार्च, दुपारी १:४०

नमस्कार, मी नवीन आहे. धागा पूर्ण वाचला, छान. माझ्या ट्रॅक्टरला हा त्रास नाही पण पांढरा धूर खूप येतो. विकावा का?

दापोडी_फिटर | ३ मार्च, रात्री ९:१०

नवा धागा काढा. आणि धूर थंड इंजिनला येतो की गरम झाल्यावरही, ते पहिल्याच ओळीत लिहा.